पिवळ्यावर कापलेली मोहरी

रेवणसिद्धअप्पांना करडई कळते, हे उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात कुणीही सांगितलं असतं. माव्याची कीड पडली तर कधी घाबरायचं आणि कधी आभाळ मोकळं होण्याची वाट पाहायची, बायांनी हातापायांना पोत्याचे तुकडे गुंडाळून पहाटे दवातच कापणीला का यायचं, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. अप्पा फार बोलत नसत. वाळलेलं बोंड तळहातावर चोळत, फुंकर मारत आणि म्हणत, "अजून न्हाई. खडखडीत वाळू दे."

करडईचं एक बरं असतं. बोंड आपल्या काट्यांनी दाणा धरून ठेवतं. पीक वाळून आठ-पंधरा दिवस उभं राहिलं तरी दाणा सांडत नाही. अप्पांच्या सल्ल्यानं आजवर कुणाचं नुकसान झालं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं श्रेय करडईचं होतं, हे अप्पांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग दसऱ्यानंतर मोहरी आली.

ती आणली महेबूबभाईनं. त्याचा उदगिरात लाकडी घाणा होता आणि अप्पांच्या बांधाला लागून दोन एकर रान होतं. अप्पांची करडई गेली कित्येक वर्षं त्याच्याच घाण्यात गाळली जात होती. वीटभट्ट्यांवर कामाला आलेले उत्तरेकडचे लोक अलीकडे घाण्यावर येऊन मोहरीचं तेल मागत. "बाहेरून आणून विकण्यापेक्षा आपल्याच रानात पिकवू की," असं महेबूब म्हणे. पण डोकं त्याच्या मुलीचं, हुमाचं होतं. ती लातूरला शेतकीची पदवी घेऊन आली होती. नोकरीचं जमलं तर जमलं, नाहीतर रान मी बघते, असं म्हणणारी. महेबूबनं दोन्ही एकरांत मोहरी टाकली. अप्पांनी भिडेखातर ओढ्यापलीकडचा तुकडा दिला.

पीक आलं मात्र देखणं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं शिवार आपापल्या रानात जेवायला उतरलं तेव्हा मोहरी ऐन फुलात होती. अप्पांच्या रानात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभी होती. शांतम्मानं भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे केले होते. दर सालाप्रमाणे महेबूब, त्याची बायको चांदबी आणि हुमा जेवायला होते. खताचं दुकान चालवणारा व्यंकट होता, आजूबाजूचे पाच-दहा जण होते. पिवळ्या फुलांवर मधमाश्यांचा असा गुंगाट चालला होता की बोलणाऱ्यांना आवाज चढवावा लागत होता.

"माश्या आहेत तोवर फवारणी करायची तर संध्याकाळीच करा," हुमा सांगत होती. "ह्यांच्यामुळंच शेंगा भरतात. आणि अप्पा, ही कापायची वेळ करडईसारखी नसते बरं का. फूल खालून वर येतं, म्हणून शेंगही खालून वर पिकते. सगळी वाळायची वाट बघितली तर खालच्या शेंगा तडकून मोकळ्या होतात. शेंगांवर पिवळा रंग चढला, शेंड्याला थोडा हिरवेपणा असला, की कापून टाकायची. मग ढीग लावून वाळवायची."

ती चांगलं सांगत होती. पण चार माणसं घास हातात धरून ऐकत होती, आणि ऐकताना अप्पांकडे बघत नव्हती. अप्पांना ते लागलं. ते आंबिलीचा घोट घेऊन म्हणाले, "पोरी, हिरवी कापून तेल गाळणार का पाला?"

व्यंकट पहिल्यांदा हसला. मग सगळेच. "लातूरला हिरव्या मोहरीचा घाणा निघाला असंल," कुणीतरी म्हणालं. महेबूबही हसला, कारण अप्पा बोलले होते. हुमाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "तसं नाही अप्पा," आणि पानातला उंडा कुस्करू लागली. शांतम्मा तिच्या पानात भज्जी वाढत नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "खा गं माय. ह्यांना लई येतं."

माघ सरत आला तशी शेंगा रंग बदलू लागल्या. हुमा तेव्हा नांदेडला फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, घरच्या लग्नाला गेली होती. तिनं तिथून बापाला फोन करून सांगितलं की शेंगा पिवळ्या दिसत असतील तर उद्याच कापा. महेबूब मोटारसायकलवर बसून अप्पांकडे आला.

"बेटी म्हणती कापा. तुमी काय म्हणता?"

अप्पांनी बांधावरूनच महेबूबच्या रानातली एक शेंग तोडली. उकलली. आत काही दाणे तपकिरी, काही अजून लालसर. "कच्ची हाय," ते म्हणाले. "खडखडीत वाळू दे."

"बस. तुमी म्हणाले, झालं," महेबूब म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा एकटेच ओढ्यापलीकडे आपल्या तुकड्यात गेले. पीक छातीइतकं. ते ओळीतून चार पावलं आत शिरले आणि त्यांच्या धोतराला घासून शेंगा तडकल्या. टक्, टक्, टक्. दवातसुद्धा. त्यांनी खाली वाकून बघितलं. बुडाच्या शेंगांच्या दोन पाकळ्या उघड्या, मधला पापुद्रा कागदासारखा पांढरा आणि रिकामा. दाणे भेगांत गेलेले. वर शेंड्याला मात्र शेंगा अजून हिरव्यागार. पोरीनं सांगितलं होतं ते तिथं, त्यांच्या धोतराला लागून, जसंच्या तसं उभं होतं.

अप्पांनी खिशातून फोन काढला. महेबूबला लावला.

"बोला अप्पा. इतक्या सकाळी?"

अप्पांना बोलायचं होतं. जीभ उचललीही होती. पण डोळ्यासमोर कोपीपुढची ती माणसं आली, व्यंकटचं हसू आलं, आणि उद्या हेच हसू आपल्यावर येईल हेही आलं.

"काही न्हाई," ते म्हणाले. "ते... पेंड हाय का? म्हशीला संपलीया."

"हाय की! पाठवून देतो."

फोन खिशात गेला. त्याच सकाळी अप्पांनी बिदरकडून मजुरीला आलेल्या बाया बोलावून ओढ्यापलीकडचा आपला तुकडा पिवळ्यावरच कापून घेतला. ढीग लावला, वर ताडपत्री टाकली. महेबूबला उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या तोंडावर सांगू. फोनवर कशाला.

उद्या उगवला तो वारा घेऊन. कोरडा, तापलेला, फाल्गुनात यायचा तो वारा आधीच आला. दिवसभर वाहिला. अप्पा घरातून बाहेर पडले नाहीत. मान लचकली म्हणाले. तिसऱ्या दिवशी महेबूबनं मजूर लावले, आणि दुपारी त्याचाच फोन आला. "अप्पा, येता का जरा? हे काय होऊन राहिलंय मला कळंना."

अप्पा गेले. विळा लागला की झाड थरथरत होतं आणि पाऊस पडावा तसे दाणे झडत होते. बाया कापलेल्या झाडांचा कवळा उचलत तेव्हा त्यांच्या हातात फक्त काड्या येत. जमीन तपकिरी झाली होती. मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. करडईची बोंडं, ज्वारीची कणसं पडली तर मागून सांडलेला सर्वा वेचता येतो. मोहरी कोण वेचणार? चांदबी बांधावर बसली होती. तिनं मूठभर माती उचलली, तळहातावर पसरली, दाणे मोजल्यासारखं बघितलं आणि परत खाली सोडली.

"तुमची कशी हाय अप्पा?" महेबूबनं विचारलं.

खरं सांगून टाकायचा हाच तो क्षण होता. हे अप्पांना नंतर कळलं.

"कापली," ते म्हणाले. "खडखडीत झाली हुती. पण पहाटे, दवात कापली. करडईसारखी."

महेबूबनं कपाळाला हात लावला. "मी दुपारी लावली ना! बाया उशिरा आल्या. दवात कापायची अक्कल न्हाई आली मला." त्याच्या आवाजात अप्पांबद्दल इवलीशीही शंका नव्हती.

गोष्ट शिवारभर झाली. व्यंकटच्या दुकानात, खताच्या थप्प्यांवर बसून माणसं सांगू लागली: अप्पांनी वाळवूनच कापली आणि दाणा सांडला नाही; महेबूबभाईला कापता आली नाही. हुमा नांदेडहून आली. मोकळं रान बघून ती बापाला म्हणाली, मी सांगितलं होतं. महेबूब आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. "अप्पांची पण वाळलेलीच होती! त्यांचा दाणा सांडला का? तुझं पुस्तक खोटं हाय, आणि माझी अक्कल!" हे अप्पांना चांदबीनंच सांगितलं, पोरगी जेवत नाही म्हणून काळजीनं. पाडव्यापासून रान व्यंकटला बटईनं, निम्म्या वाट्यावर, द्यायचं ठरत होतं. शेतीचं साल पाडव्याला बदलतं. हुमानं गल्लीतल्या पाच बायांना घेऊन पुढच्या साली मोहरी करायचा बेत केला होता; तो आपसूक मोडला.

अप्पा ऐकून "हूं" म्हणाले. त्यांचं मोहरीचं पोतं तोवर मळून, उफणून घरात आलं होतं. ते त्यांनी घाण्यावर नेलं नाही. कोठीत मागं, करडईच्या पोत्यांच्या आड ठेवलं. महेबूब दोनदा म्हणाला, "आणा की गाळायला." अप्पांनी दोनदा म्हशीच्या आजारपणाचं कारण सांगितलं.

मग अवकाळी आला. एकाच संध्याकाळी गारा नसलेला, नुसताच धो धो. आठवड्यात महेबूबचं रान हिरवं झालं. अप्पा सकाळी बांधावर गेले आणि उभेच राहिले. दोन्ही एकर, या बांधापासून त्या बांधापर्यंत, ओळीनं नाही, गादीसारखी मोहरी उगवली होती. जिथं जिथं दाणा पडला होता तिथं तिथं दोन पानं वर आली होती. किती सांडली होती ते जमिनीनं दडवून ठेवलं होतं. आता रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.तल्या माणसालाही ते दिसत होतं. लोक थांबून बघत, हळहळत आणि अप्पांना राम राम करून पुढं जात.

आणखी काही दिवसांनी दुपारी जेवायच्या वेळेला चांदबी टोपलीभर पाला घेऊन आली. कोवळी, लांबट मोहरीची पानं, धुऊन निथळलेली.

"अक्का, भाजी करा," ती शांतम्माला म्हणाली. "अल्लानं तेल न्हाई दिलं, भाजी तर दिली! अख्ख्या गल्लीत वाटून राहिले. अप्पांना लसूण घालून द्या, तब्येत उतरली बगा त्यांची."

शांतम्मानं भाजी केली. ज्वारीची भाकरी, भाजी, कांदा. ताट अप्पांपुढं सरकवलं आणि समोर बसून राहिली. ती सहसा बसत नसे.

अप्पांनी घास घेतला. मोहरीचा उग्र झणका नाकात चढला. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना.

"तिखट झाली का?" शांतम्मानं विचारलं.

"न्हाई."

"मग गिळा की."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्या पहाटे बायांना चहा तिनंच दिला होता. ढिगावर ताडपत्रीचं दुसरं टोक तिनंच ओढलं होतं. तिनं आजवर एक शब्द काढला नव्हता.

"तुला माहीत हाय," अप्पा म्हणाले.

"मला काय," शांतम्मा म्हणाली. "मी तुमची बायको हाय. तुमची लाज माझ्या घरातच राहती. पण ती पोरगी आपल्या घरची न्हाई. तिच्या डोक्यावर कामून टाकली?"

अप्पांनी पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवला, हात धुतला आणि टोपी घातली.

उदगिरात महेबूबचा घाणा चालू होता. उखळातली लाकडी लाट गरगर फिरत होती, शेंगदाण्याचा वास भरला होता. महेबूबनं खुर्ची पुसून पुढं केली, चहाला माणूस पाठवतो म्हणाला. अप्पा बसले नाहीत. आत, पेंडीच्या गोण्यांमागं हुमा डबे पुसत होती. अप्पांनी तिलाही ऐकू जाईल इतका आवाज काढायचा प्रयत्न केला. तो भलताच मोठा निघाला.

"महेबूब, पोरीचं खरं हुतं. माझं खोटं. मी पिवळ्यावर कापली, वाळवून न्हाई. तुला वाळवायला लावून मी माझी कापली."

 महेबूबनं येऊन अप्पांचा हात धरला. त्याचे डोळे भरले होते.

"अप्पा, तुमी लई मोठे हायेत," तो म्हणाला. "पोरीचं मन राखायला इतकं बोलायचं? न्हाई, न्हाई. असं दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नये. चूक माझी हाय. हुमा, बघ, अप्पांना तुझी किती काळजी! सलाम कर."

हुमानं फडकं खाली ठेवलं. तिनं सलाम केला नाही. ती अप्पांकडे टक लावून बघत होती.

अप्पांना वाटलं, इथंच सुटावं. आपण तर सांगितलं. मानायचं न मानायचं त्याचं. ह्याहून सोपं काय? खरं बोलल्याचं पुण्य पदरात, आणि नाव जिथल्या तिथं. महेबूबचा हात त्यांच्या हातावर ऊबदार होता. त्या उबेचीच त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी हात झटकल्यासारखा काढून घेतला.

"थांब. येतो," ते म्हणाले.

रिक्षा करून ते घरी गेले, कोठीतलं मोहरीचं पोतं काढलं आणि तीच रिक्षा परत घाण्यावर आणली. पोतं महेबूबच्या पायाशी ठेवून त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची शिवण उसवली.

"हात घाल," ते म्हणाले.

महेबूबचा जन्म दाण्यांत गेला होता. कुठल्या गावची करडई, किती ओली, किती जुनी, हे तो डोळे मिटून सांगे. त्यानं हसत हसत पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठ वर काढली, उजेडाकडे वळला, तळहात उघडला. बहुतेक दाणे तपकिरी, भरलेले. त्यांत काही लालसर. काही चक्क हिरवट, सुरकुतलेले. शेंड्याच्या हिरव्या शेंगांतले, ढिगात वाळलेले. त्यानं एक हिरवट दाणा नखानं दाबला. मग दुसरी मूठ काढली. मग तिसरी, अगदी तळातून.

त्याचं हसू कधी गेलं ते अप्पांना दिसलं नाही, कारण ते खाली बघत होते.

"हुमा," महेबूब म्हणाला, "मोटार बंद कर."

लाट फिरायची थांबली. इतक्या शांततेची त्या जागेला सवय नव्हती.

"त्या पहाटे तुमी फोन केला हुता," महेबूब हळू म्हणाला. "पेंड मागितली."

"हाव."

"तवा तुमी रानातच हुते?"

"हाव. शेंगा धोतराला लागून तडकत हुत्या. तेच सांगायला फोन लावला हुता. सांगवलं न्हाई."

"कामून?"

अप्पांनी पुष्कळ शोधलं. पोरगी हसेल म्हणून, व्यंकट हसेल म्हणून, इतक्या वर्षांचं नाव जाईल म्हणून. एकही कारण दोन एकरांएवढं मोठं नव्हतं. "काही कारण न्हाई," ते म्हणाले. "लाज वाटली."

बाहेरून चहा आला. आणणाऱ्यानं तीन पेले फळीवर ठेवले. ते कुणी उचलले नाहीत. महेबूब मुठीतले दाणे एकेक करून पोत्यात सोडत राहिला. अप्पांना वाटलं, हा शिव्या देईल तर बरं. पण महेबूबनं शिवी दिली नाही. तो अप्पांकडे पाठ करून मुलीकडे वळला.

"बेटी," तो म्हणाला, "ह्यातलं हिरवं काढून गाळायचं का असंच?"

हुमाला क्षणभर कळलंच नाही की बाप आपल्याला विचारतो आहे. मग ती पुढं आली, पोत्यात हात घातला. "चाळून घेऊ," ती म्हणाली. तिनं मूठभर दाणे तळहातावर चोळले. "थोडं हिरवं चालतं. पण दोन उन्हं देऊ आधी. ओल वाटतीय मला."

"दे मग," महेबूब म्हणाला. "आणि व्यंकटला मी न्हाई म्हणून सांगतो. पाडव्यापासून रान तू बघ."

"तुम्ही कशाला सांगता, अब्बा?" हुमा म्हणाली आणि पहिल्यांदा अप्पांकडे वळली. त्या मुलीच्या डोळ्यांत राग असता तर अप्पांनी तो आनंदानं घेतला असता. तिथं फक्त थकवा होता, आणि येळवशीच्या पानावर बसलेल्या त्या दुपारची आठवण. "अप्पा, त्या दिवशी हसले होते ते सगळे आत्ता व्यंकटच्या दुकानात असतील. रोज ह्या वेळेला असतात."

अप्पांनी मान हलवली. निघताना त्यांनी सवयीनं महेबूबकडे बघितलं. "या अप्पा," असं तो दर वेळी म्हणे. आज तो पोत्याचं तोंड बांधत होता.

व्यंकटचं दुकान चार पावलांवर होतं. अप्पांना ते लांब वाटलं आणि तरी फार लवकर आलं. खताच्या थप्प्यांवर पाच-सहा जण बसले होते. कुणीतरी मळत असलेली तंबाखू थांबवून म्हणालं, "घ्या, नाव काढलं आन् अप्पा आले! तुमचीच गोष्ट चालली हुती. दवातल्या कापणीची."

व्यंकट गल्ल्यावरून उठून जागा करू लागला. "बसा अप्पा, बसा. ह्या पोरांना सांगा एकदा, वाळलेली मोहरी सांडू न देता कशी कापायची ते."

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. गुडघे दुखत होते आणि थप्पीवरची जागा मऊ दिसत होती.

"बसत न्हाई," ते म्हणाले. "आधी ऐका. मग बसा म्हणायचं का ते बगा."